कुजक्या दातांचा तिसरा सेट

ताई कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यावर ती मेणात एकेक दात बसवायची. तिच्या हाताला यश असं की म्हातारी माणसं पुन्हा कडक सफरचंद खायला लागायची. पण तिची खरी हौस वर्षातून एकदाच उफाळून यायची. झॉम्बींच्या त्या मालिकेचा नवा सीझन जवळ आला, की ती धाकट्या भावासाठी आणि स्वतःसाठी काळ्यापिवळ्या, कुजक्या दातांचे दोन सेट करायची. ते तोंडात घालून दोघं सोफ्यावर पहिला एपिसोड बघायची. सहा वर्षं हा नेम चुकला नव्हता.

यंदा भावाचं लग्न झालं आणि इथेच माशी शिंकली. भावजयीने तीन आठवड्यांत सहाही सीझन संपवले. कोण कधी, कुठे चावलं गेलं, सगळं तिला तोंडपाठ. एकदा ताई तिची चूक काढायला गेली आणि स्वतःच तोंडघशी पडली. वर भाऊ हसला! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, यंदा तीन सेट कर हं," तो म्हणाला. "हिलाही हवाय."

"हो, करते ना. मला दुसरं काम काय आहे?"

त्याला टोमणा कळला नाही. लग्नानंतर तिचे टोमणे त्याला कळेनासेच झाले होते.

माप द्यायला भावजय दुपारच्या सुट्टीत शाळेतून थेट ताईच्या कामाच्या खोलीवर आली. गणित शिकवायची, वेळेची पक्की. ताईने ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला आणि तिच्या तोंडात दाबला.

"तीन मिनिटं जबडा हलवायचा नाही. बोलायचं तर अजिबात नाही."

भावजयीने डोळ्यांनीच हो म्हटलं. तेवढ्यात ताईच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. सकाळीच तिने फोनवर वाचलं होतं, कुणीतरी नव्या सीझनची गोष्ट फोडली होती. वाचून तिचा स्वतःचा दिवस नासला होता.

"पहिल्याच एपिसोडमध्ये पोस्टमन मरतोय बरं का," ती म्हणाली.

मालिकेतला हा पोस्टमन म्हणजे भावाचा जीव की प्राण. भावजयीचे डोळे मोठे झाले. बोलायची सोय नव्हती. खोटं कशाला सांगा, ताईला फार बरं वाटलं.

ट्रे निघाला. आता ही रडत जाऊन नवऱ्याचे कान भरणार, म्हणून ताई उत्तरं जुळवून बसली होती. भावजयीने चूळ भरली, हनुवटी पुसली.

"ताई, त्याला मात्र सांगू नका हं. तो म्हणतो, धक्का बसला की ताईचा दंड धरायचा, तीच खरी मजा. मला एकदा ते बघायचंय."

सेट मुद्दाम ढिला करायचा तिचा बेत होता, तो बारगळला. सेट भावजयीला इतका चपखल बसला की ताईचा आणखीच जळफळाट झाला.

रविवारी दुपारी कुजके दात तोंडात घालून तिघं सोफ्यावर बसली, भाऊ मध्ये. विसाव्या मिनिटाला पोस्टमन शिडी चढायला लागला आणि खालून एका हाताने त्याचा पाय धरला.

भाऊ किंचाळला. त्याने ताईचा दंड गच्च धरला. पलीकडे भावजय अशी ओरडली की शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली. सगळं दोन आठवडे आधीच ठाऊक असून!

ताई ओरडली, पण उशिरा आणि बारीक आवाजात. भावाने दंड सोडला, दात काढून हातात घेतले.

"तुला माहीत होतं?"

"त्यांना कसं माहीत असेल?" भावजय पटकन म्हणाली. "घाबरून आवाज फुटला नाही त्यांचा."

भावाला ते पटलं. त्याने दात परत बसवले. हिला खोटं ओरडता येतं, खोटं बोलताही येतं, आणि तेही माझ्यासाठी, या विचाराने ताईचं काळीज जळलं.

पाच मिनिटांनी पुढचा धक्का आला. हा ताईलाही माहीत नव्हता, ती जीव खाऊन ओरडली. भावाने बायकोचा दंड धरला होता.