थंड हाताचा वेग

रत्नाकर खानझोडे रेल्वेच्या आरक्षण कार्यालयातून निवृत्त झाले, मागोमाग बायको गेली, आणि जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरात ते व टीव्ही असे दोघेच उरले. त्यात टीव्हीच जास्त बोलायचा. अशात उजव्या हाताची बोटं बधिर पडू लागली, शर्टाची बटणं ऐकेनात. डॉक्टरांनी नसांची तपासणी लिहून दिली. हैदराबादहून मुलाचा, केतनचा, फोन आला. "बाबा, काही सिरियस निघालं तर मी लगेच येतो. तिकीट काढून ठेवलंय."

कित्येक वर्षांत जबलपूरचं तिकीट त्यानं काढलं नव्हतं. रत्नाकररावांना आयुष्यात प्रथमच एखाद्या आजाराबद्दल आदर वाटला.

तपासणीच्या सकाळी ते ग्वारीघाटावर गेले, जानेवारीच्या नर्मदेत डुबक्या मारल्या आणि उघड्या ऑटोतून कुडकुडत थेट सेंटरवर हजर झाले. एवढ्या मोठ्या परीक्षेला नर्मदामैयाला न विचारता कसं बसायचं?

तपासणारी सलोनी नावाची मुलगी होती. तिनं अंगठ्याखालच्या मांसल भागावर तारा चिकटवल्या. "मी आधी मनगटाशी, मग कोपराशी हलका करंट देईन, अंकल. निरोप नसेतून धावत जातो, अंगठा उडतो. किती वेळ लागला ते मशीन सांगते."

"म्हणजे गाडीसारखंच. चांगली नस किती धावते?"

"सेकंदाला पन्नास मीटर तरी."

ताशी एकशेऐंशी किलोमीटर! इटारसी लाइनवर असं काही धावल्याचं रत्नाकररावांच्या ऐकिवात नव्हतं.

झटका बसला. अंगठा साहेबासमोरच्या शिपायासारखा ताडकन उठला. सलोनीच्या कपाळावर आठी पडली. "बहुत स्लो आहे, अंकल. जेमतेम चाळीस. सगळीकडेच."

केतनची गाडी रत्नाकररावांना प्लॅटफॉर्मला लागताना दिसली.

सलोनीनं त्यांचा हात धरला. "अरे, हा तर बर्फ आहे! कुठून येऊन राहिले तुम्ही?"

"नर्मदेतून."

"थंड हातात नस हळू धावते. असा रिपोर्ट खोटा ठरेल."

"राहू दे की. जसं आलं तसं लिही."

"काहून? चांगलं निघालेलं नको का तुम्हाला?"

ती गरम टॉवेलात त्यांचा हात गुंडाळून चोळत बसली. बायको गेल्यापासून त्यांचा हात इतका वेळ कोणी धरला नव्हता. दुकानदाराचं बोट लागायचं, तेही सुटे पैसे देताना. हात सावकाश तापावा, असं त्यांना फार वाटलं. पण तो मेला लगेच तापला.

दुसऱ्या खेपेला नस कोपरापासून मनगटापर्यंत झकास धावली, फक्त मनगट ओलांडताना रेंगाळली. डॉक्टरांनी येऊन पडदा पाहिला. "नस मनगटात दबलीय. रात्री पट्टा बांधा, बहुतेक आराम पडेल."

"आणि ती स्नायूत सुई घालून बघतात ती तपासणी?" रत्नाकररावांनी आशेनं विचारलं.

"तिची गरज नाही."

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी फोन लावला. ऐकून केतननं मोठा सुस्कारा सोडला. "चलो, टेन्शन गेलं, बाबा! मग... मी नाही आलो तर चालेल ना? ऑफिसात जरा गडबड आहे."

पहिल्या खेपेचा आकडा रत्नाकररावांना पाठ होता. तो नुसता सांगायचाच अवकाश होता.

"चालेल की," ते म्हणाले. "आत्ताच रद्द करून टाक. वेटिंगवाल्या कोणाला तरी बर्थ मिळेल."