गार दुधातलं पुडिंग

मी व्हॅनिला पुडिंगची पावडर बोलतेय. पाकिटावर ‘झटपट’ असं मिरवणारी. साखर, मक्याचं पीठ आणि थोडा सुगंध, एवढंच माझं कूळ. माझ्या बहिणी हौशी घरांत गेल्या. कुणी केकच्या दोन थरांमध्ये जाऊन बसली, कुणी केळ्याच्या चकत्यांवर पसरली, कुणी क्रीममध्ये फेटली जाऊन वाढदिवसाला भाव खाऊन गेली. मला मात्र एका आजीने उचललं, तेही नाक मुरडत.

त्याला कारण होतं. आजोबांनी जन्मभर केकचं दुकान चालवलं होतं आणि पाकिटातल्या गोडाला ते ‘आळशांचा खाऊ’ म्हणायचे. पण पक्षाघाताने त्यांची वाचाच गेली. पातळ दिलं की ठसका लागायचा, घट्ट घास घशाखाली उतरायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ‘‘मऊ आणि दाटसर द्या. पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.’’ नळीचं नाव काढलं की आजोबा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

माझ्या पाकिटावर ‘गार दूध घ्या’ असं स्वच्छ लिहिलं होतं. आजीने ते वाचलंही. पण आजारी माणसाला गार देतं का कुणी? तिने दूध चांगलं उकळलं आणि अर्धं पाकीट त्यात ओतलं. गरम दुधात मी आळतच नाही हो! पातळच राहिले. पहिल्याच चमच्याला आजोबांना असा ठसका लागला, की त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. आजीने तिला पातळ पुडिंगची सगळी तक्रार सांगितली.

‘‘आई, दूध गरम घेतलंस?’’

‘‘मग काय, कच्चं देऊ?’’

‘‘अगं, तापव आणि फ्रिजमध्ये गार कर! गार दुधातच ते घट्ट होतं.’’

‘‘आणि सर्दी झाली म्हणजे?’’

‘‘आई!’’

दुपारभर आजी दूध गार व्हायची वाट बघत बसली. मग उरलेली पावडर घालून तिने मला फेटलं आणि वाटी बाजूला ठेवली. होता नव्हता तेवढा जीव एकवटून मी आळले. वाटी तिरकी केली तरी हलले नाही.

‘‘अहो, एकच घास. ऐका ना माझं.’’

तिने चमचा पुढे केला. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी जिभेवर टेकले, हळूच घशातून उतरले. ठसका नाही. दुसरा घास गेला, तिसरा गेला. मग त्यांनी हाताने चमचा अडवला. आजोबांचे ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलत होते.

‘‘गोड... जास्त.’’

आजी फोनकडे धावलीच. ‘‘अगं, बाबा बोलले! नावं ठेवली गं त्यांनी, नावं ठेवली!’’ आणि हसता हसता तिला रडूच फुटलं.

माझं पाकीट ओट्यावर रिकामं पडलंय. वाटीत मी थोडीच उरलेय. तुमच्या घरी माझी एखादी बहीण आली, तर तिला गार दूध द्या आणि जरा दम धरा, एवढंच मागणं. आजी डोळे पुसत परत आलीय. चला, निरोप द्या मला. आजोबांनी तोंड उघडलंय.