दोन गिटारी, एकच आवाज

पंचवीस वर्षं वाट पाहून शेवटी एका रविवारी सकाळी केदार टिपणीस बायकोला आणि मुलीला गाडीत घालून भिवंडीजवळच्या दापोड्याला गिटार घ्यायला निघाला.

कॉलेजात असताना तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणपतीच्या दिवसांत शहापूर, वाडा, मुरबाडपर्यंत त्यांचे कार्यक्रम व्हायचे. हातातली गिटार मात्र ऑर्केस्ट्रावाल्याची. कार्यक्रम संपला की पेटीत घालून परत द्यायची. पुढे केदार भिवंडीतच एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात लागला, सुपरवायझरचा मॅनेजर झाला, सुचेताशी लग्न झालं, अपूर्वा झाली. ऑर्केस्ट्रा कधी मोडला ते कुणाला कळलंही नाही. स्वतःची गिटार घ्यायची राहून गेली ती राहूनच गेली.

त्याला हवी होती ती जुन्या ढंगाची. म्हणजे नवीच, पण रंग, घडण, आवाज सगळं साठ वर्षांपूर्वीचं वाटावं अशी. तीन महिने मोबाइलवर धुंडाळून त्याने दोन नक्की केल्या होत्या. एक लोण्याच्या रंगाची, सपाट अंगाची. तिचा आवाज म्हणे घासलेल्या पितळेवर नाणं आपटावं तसा खणखणीत. दुसरी तपकिरी, कडेला काळपट होत गेलेली, हाताला जड. तिचा आवाज जाडसर, गुळाच्या पाकासारखा. "दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे," हे त्याने सुचेताला जेवताना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शाळेत भूगोल शिकवणाऱ्या त्या बाईला पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग हेही पाठ झालं होतं. लोण्याच्या रंगाच्या गिटारीवर त्याचा जीव जडला होता, पण दोन्ही वाजवून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं.

दुकान म्हणजे गोदामांच्या रांगेतला एक गाळा होता. भाविक म्हात्रेचा. इथली सगळी जमीन एके काळी म्हात्र्यांची भातशेती; आता तिथे गोदामं उभी होती आणि त्यातला एक गाळा भाविकने स्वतःसाठी ठेवला होता. लग्नाच्या हळदीला वाजवणाऱ्या बँजो पार्टीत तो की-बोर्ड वाजवायचा. वाद्यांचं वेड होतं, म्हणून धंदाही वाद्यांचाच.

"या काका. दोन्ही काढून ठेवल्यान. सुरात लावल्यान. निवांत वाजवा, घाई न्हाय."

केदार स्टुलावर बसला. त्याने लोण्याच्या रंगाची मांडीवर घेतली. बोटं अडखळली, हसूही आलं, मग हळूहळू जुनं काहीबाही हाताला लागत गेलं. सुचेता खोक्यावर बसून कौतुकाने पाहत होती. दहा मिनिटांनी त्याने ती ठेवली आणि तपकिरी घेतली. तोच तुकडा वाजवला. थांबला. परत वाजवला.

"भाविक, तुझ्या अँप्लिफायरमध्ये काहीतरी गडबड आहे."

"का वो काका?"

"दोन्हींचा आवाज एकच येतोय."

भाविकला वाटलं, काका गंमत करतायत. तो हसला. पण केदार हसत नव्हता, म्हणून त्याने केबल बदलली. नंतर दुसरा अँपही आणून जोडला. केदारने पुन्हा लोण्याच्या रंगाची घेतली, मग तपकिरी. तोच बोदा, पोटातून आल्यासारखा आवाज, जणू गिटारीवर कुणी गोधडी टाकलीये. त्याने आवाजाचा तिखटपणा कमी-जास्त करणारं टोनचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काही फरक नाही.

"हे बटण मेलंय बघ. आणि हिचंही."

"दोन्हींची एकदम कशी मरतील? कालच मी—" भाविक पुढे काय म्हणाला ते केदारला नीट कळलं नाही. हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात.

भाविकने आतून तिसरी आणली, खोक्यातून नुकतीच काढलेली. केदारने तिचं टोन पूर्ण उघडलं, अँपवरचा तिखटपणाही पूर्ण चढवला आणि ताकदीने सगळ्या तारा छेडल्या. तरी बोदाच. त्याने आणखी जोरात छेडल्या. चिडून मान वर केली, तर सुचेताने दोन्ही कान दाबून धरले होते. अपूर्वाचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला होता. भाविकने पुढे होऊन अँप बंद केला.

"असला माल विकतोस?" केदार म्हणाला. "तीन गिटारी, तिन्हींची बटणं बिघडलेली?"

भाविक जवळ येऊन, चेहऱ्यासमोर चेहरा आणून सावकाश म्हणाला, "काका, बटणं चालू हायत."

केदारला उगाच राग आला. तो सुचेताकडे वळला, तर ती जमिनीकडे पाहत होती.

अपूर्वा उठली. वीस वर्षांची पोर, पण तिने शिक्षिकेच्या थाटात गिटार बापाच्या हातातून काढून घेतली आणि अँप पुन्हा चालू केला. "बाबा, तिकडे तोंड कर. मी एकच तार वाजवत राहते. बटण फिरवलं की सांग."

केदार खोक्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे तार वाजू लागली. डुम्. डुम्. डुम्. तो सगळा जीव कानांत आणून ऐकत होता. पुठ्ठ्यावर छापलेली अक्षरं डोळ्यांसमोर होती, ती तो वाचत राहिला. डुम्. डुम्.

"फिरव की आता," तो म्हणाला.

तार थांबली. तो वळला. अपूर्वाचा हात बटणावरच होता आणि तिचे डोळे भरून आले होते.

"पाच वेळा फिरवलं, बाबा."

"परत," तो म्हणाला. परत केलं. या वेळी त्याने दोनदा अंदाजाने "आता" म्हटलं आणि दोन्ही वेळा चुकला. मग अपूर्वाने मोबाइलवर कसलंसं अ‍ॅप उघडलं. त्यात बारीक शिट्टीसारखा आवाज हळूहळू चढत जायचा. पहिल्यांदा केदारला ऐकू आला. मग विरला.

"संपला," तो म्हणाला.

"चालू आहे," सुचेता हलकेच म्हणाली.

गाळ्याच्या दारात एक कुत्रं पसरलेलं होतं. त्याने डोकं उचललं, कान टवकारले आणि ते वैतागून उठून निघून गेलं. केदार त्याच्या पाठमोऱ्या शेपटीकडे पाहत राहिला. केदारसाठी गाळा ठार शांत होता. आणि त्याच शांततेत तीन माणसांना आणि एका कुत्र्याला काहीतरी ऐकू येत होतं. भाविकने पटकन स्टूल पुढे सरकवलं आणि न विचारता पाण्याची बाटली हातात दिली.

"माझ्या आज्याचं असंच झालेलं," भाविक म्हणाला. "लूमवर होता. पन्नाशीत बहिरा झाला." मग जीभ चावून म्हणाला, "आज गिटार घेऊ नका काका. कानाचं बघा पहिलं. या दोघी कुठं जात न्हाईत."

गाडी सुचेताने चालवली. गोदामांची रांग मागे पडली. मग केदार म्हणाला, "तुला माहीत होतं."

"तीन वर्षं," ती म्हणाली. मोठ्याने, तोंड थोडं त्याच्याकडे वळवून. आणि ती कायम असंच बोलते हे केदारच्या आत्ता ध्यानात आलं. "कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला ऐकू येत नव्हत्या. दारावरची चिमणीसारखी चिवचिवणारी बेल मी बदलून घेतली ती कशासाठी? दोनदा डॉक्टरांकडे चला म्हटलं. तुम्ही म्हणालात, तुम्ही बायका पुटपुटता. मग मी सोडून दिलं. चिडता हो तुम्ही."

कारखान्यात केदारला कधीच अडलं नव्हतं. लूम चालू असताना तिथे सगळेच ओठ वाचतात, हाताने खुणा करतात. चोवीस वर्षं त्या खडखडाटात काढली, आणि त्याला वाटायचं आपले कान तयार झालेत.

आणि मग, भिवंडीच्या अलीकडे कुठेतरी, त्याला ती दुसरी गोष्ट आठवली.

अपूर्वा गायची. सहा वर्षं शिकली होती. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या आधी तिने घरी पूर्ण राग म्हणून दाखवला होता आणि घरातला एकमेव वाजवणारा माणूस म्हणून केदारने आपलं मत दिलं होतं. वरच्या सुरांना तुझा आवाज बसतो. पूर्वीची चमक राहिली नाही. ओढून-ताणून गाण्यात अर्थ नाही, अपू. महिन्याभरात तिने क्लास सोडला होता. आपण लेकीशी खरं बोललो याचं त्याला तेव्हा समाधानच वाटलं होतं.

तो मागे वळला. "अपू, तू गाणं सोडलंस ते..."

ती खिडकीबाहेर पाहत होती. उत्तर देताना मात्र तिने तोंड त्याच्याकडे वळवलं. त्याला ऐकू यावं म्हणून. "हो. तू म्हणालास म्हणून."

"पण तुझ्या बाई?"

"बाई म्हणत होत्या छान लागतंय. मला वाटलं, बाई सगळ्यांनाच छान म्हणतात. बाबा खरं सांगतो."

घर येईपर्यंत केदार आपल्या तळहातांकडे पाहत बसला.

त्याच आठवड्यात कल्याणला तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी कागदावरचा आलेख दाखवला. डावीकडून बऱ्यापैकी सरळ येणारी रेघ मध्येच कड्यावरून लोटून दिल्यासारखी खाली कोसळली होती. "लूम?" त्यांनी विचारलं. केदारने मान डोलावली. भिवंडीच्या पेशंटला त्या एवढंच विचारत असाव्यात. गेलेलं परत येणार नाही, त्या म्हणाल्या. कानाला मशिनं लावली तर बरंच भरून निघेल, पण सवय व्हायला वेळ लागेल.

त्या संध्याकाळी त्याने अपूर्वाला समोर बसवलं. "माझी चूक झाली. तुझा आवाज बसला नव्हता. माझे कान गेले होते."

"कळलं रे मला ते, दुकानातच."

"परत लावशील क्लास?"

"दोन वर्षं गेली, बाबा. आवाज तसाच राहिला असेल असं नाही." ती रडली नाही, रागावलीही नाही. "बघू. पण मला रोज विचारू नकोस."

त्याने परत विचारलं नाही. ते त्याला फार जड गेलं.

कारखान्यात त्याने सगळ्यांसाठी कानात घालायचे रबरी बोळे आणले. पहिल्या दिवशी कुणी घातले नाहीत. जीवन नावाचा जुना विणकर म्हणाला, "साहब, कान बंद किया तो धागा टूटा कैसे पता चलेगा?" केदारने त्याच्यासमोर मोबाइल धरला आणि ती शिट्टी लावली. जीवन वाट पाहत राहिला. "बजाओ ना," तो म्हणाला. केदारने दुसऱ्याला बोलावलं, मग तिसऱ्याला. त्या पाळीतल्या चौदा जणांपैकी अकरा जण असेच वाट पाहत उभे राहिले. शेवटी केदारने फोन खिशात घातला. दुसऱ्या दिवशी जीवनने बोळे घातले. बाकीचेही हळूहळू घालू लागले.

दीड महिन्याने ते तिघं परत दापोड्याला गेले. केदारच्या दोन्ही कानांमागे मशिनं होती. रस्ताभर त्याला जग पत्र्याचं झाल्यासारखं वाटत होतं. प्लास्टिकची पिशवी चुरगळली तरी तो दचकायचा.

भाविकने दोन्ही गिटारी ठेवल्याच होत्या. केदारने लोण्याच्या रंगाची घेतली, एक तार छेडली आणि खरोखर दचकून हात मागे घेतला. हिचा आवाज असा आहे? खणखणीत कसला, कानात सुई जावी तसा. तारेवरून सरकणारी बोटंसुद्धा करकरत होती, ते त्याला पूर्वी कधी जाणवलंच नव्हतं की तो विसरला होता, देव जाणे. तपकिरी घेतली तर एकदम निवलं. जाड, ऊबदार, ओळखीचा आवाज.

"जमीन-अस्मान," तो स्वतःशीच म्हणाला.

तासभर तो आलटून पालटून वाजवत बसला. टोनचं बटण फिरवायचा आणि आवाज उघडला की पुन्हा थक्क व्हायचा. मध्येच त्याने अपूर्वाला विचारलं, "तुला कुठली वाटते?"

"माझ्या कानाने घेऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्या घे."

शेवटी त्याने लोण्याच्या रंगाची उचलली.

"अहो, आत्ताच म्हणालात ना, कानाला लागते?" सुचेता म्हणाली.

"लागते. पण ती दुसरी मला मशिनं काढली तरी अशीच ऐकू येते. मला जे ऐकू येतच नव्हतं ते हिच्यात आहे."

भाविकने तारांचा एक जादा संच पेटीत टाकला आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं विचारून घेतलं. बँजो पार्टीतल्या पोरांनाही तपासायला नेतो म्हणाला.

आता केदार रोज संध्याकाळी वाजवतो. अर्ध्या तासात कान थकतात, डोकं दुखायला लागतं. तेव्हा तो मशिनं काढून डबीत ठेवतो, गिटारही पेटीत ठेवतो. मशिनांशिवाय, अर्धंच ऐकू येत असताना, तो वाजवत नाही.