टोकाचा आधी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. लांबी आठ माणसांची, आणि अक्कल मला घडवणाऱ्या सुताराची, म्हणजे बेताचीच. पुस्तके बांधायच्या एका कारखान्यात दाराशी उंच पायरी होती. माझा दाराकडचा पाय तिला अडू लागला, तेव्हा सुताराने तो सरळ दोन हात आत घेतला, चार खिळे ठोकले आणि हात झटकून चालता झाला. माझे एक टोक भिंतीला टेकलेले. दुसरे मात्र अधांतरी राहिले.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे भराभर उठले आणि टोकाला बसलेली मावशी माझ्यासकट उताणी पडली. सगळे पोट धरून हसले. मावशीही हसली. मग कंबर चोळत म्हणाली, "हसताय काय? उद्यापासून टोकाचा आधी उठणार. मी थाप मारली की मग तुम्ही." तेव्हापासून तो आमचा कायदाच झाला. मावशी फळीवर दोनदा थाप मारी, उठे, आणि तिच्यामागून एकेक करत सगळी ओळ उठे. अकरा वर्षांत त्यात एकदाही चूक झाली नाही.

मावशीशेजारी सून बसे आणि सुनेशेजारी तिची सासू. घरी म्हणे दोघींचे विळ्याभोपळ्याचे सख्य होते. इथे मात्र एकीने कागदाची घडी घालायची, दुसरीने ती शिवायची, की पुस्तक तयार. मग पोपट. त्याचे तोंड कधी बंद नसे, म्हणून हे नाव पडलेले. भिंतीकडे चौघे गुमान काम करणारे. बघायचीही गरज नसे, कुणाचे वजन किती, आज कोण रागावून बसले आहे, कोण रडून आले आहे, हे मला फळीतून कळे. त्या आठ जणांचा भार मला कधीच जड वाटला नाही.

दुपारनंतर पुस्तकांच्या कडा कापायचे काम असे. त्याचे मशीन कोपऱ्यात होते आणि त्याच्या पात्यापुढे लोखंडी जाळी होती. एकदा घाईचे काम आले, तेव्हा मालकाने ती काढायला लावली. "दोनच दिवस," तो म्हणाला. ती परत बसलीच नाही. कोपऱ्यात उभी राहून कोळ्यांच्या कामी आली. मशीनवर रोज एकाची पाळी असे आणि भिंतीवर खडूने तशी यादी लिहिलेली असे. म्हणजे धोका आठही जणांना सारखाच होता, पण एका दिवशी एकालाच. मला वाटते, घात तिथेच होता. आठांतले सात जण रोज सुखरूप असत.

एका सोमवारी पोपटाच्या बोटाचे पेर गेले. "बडबडत असशील. लक्ष कुठं होतं?" मालक एवढेच म्हणाला. पुढच्या मंगळवारी पोपट बोटाला पट्टी बांधून आला आणि सकाळभर एक शब्द बोलला नाही. तो गप्प बसलेला कुणालाच सहन होईना. जेवताना मावशीने विषय काढला.

"जाळी मागायची. एकेकट्यानं मागितली तर एकेकाला घरी बसवेल. आठांना कसा बसवेल? एवढं काम अंगावर आहे त्याच्या."

"मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?" सासू म्हणाली.

"सगळ्यांनी. उद्या मालक आला की मी थाप मारते. नेहमीसारखं उठायचं आणि दारात जाऊन उभं राहायचं. जाळी बसेपर्यंत बूड टेकायचं नाही."

"जेवायला उठतोच की रोज," सून म्हणाली. "मग यालाच काय झालं?"

"ठरलं," पोपट म्हणाला. भिंतीकडचे चौघेही म्हणाले, ठरलं. मित्रांनो, मी लाकडाचा. पण त्या दुपारी मला पालवी फुटेल की काय असे वाटले.

बुधवारी मालक आला. मावशीने दोनदा थाप मारली आणि ती उठली.

पुढचे मी शपथेवर सांगतो. सून उठली होती. तिचे वजन खरोखर माझ्यावरून सुटले होते. पण सासूचा हात तिच्या गुडघ्यावर पडला आणि ती परत खाली आली. सासू पोपटाकडे बघत होती. पोपटाने पाय मागे घेतला, जोर दिला, मग भिंतीकडे कुणी हलत नाही असे पाहून वाकला आणि चपलेचा अंगठा नीट करू लागला. भिंतीकडच्या चौघांना तर सगळी ओळ उठल्यावरच उठायची सवय होती. सात वजने माझ्यात रुतून बसली. टोकाचा आधी, हा कायदा तेवढा पाळला गेला.

"काय मावशी?" मालकाने विचारले.

"जाळी बसवा. आम्हा सगळ्यांचं म्हणणं आहे."

"सगळ्यांचं?" त्याने ओळीकडे पाहिले. "कुणाकुणाचं?"

घडी घातलेल्या कागदांना पुन्हा घड्या पडू लागल्या.

"बसायचं तर बसा मावशी. नाहीतर पिशवी उचला."

मावशी मागे वळली. "अरे, उठताय ना?" तिने हळूच विचारले. तिची जागा अजून ऊबदार होती. तिला बसता आले असते. ती पिशवी घेऊन गेली.

जेवताना पोपट म्हणाला, "मी उठणारच होतो, पण सासूबाई बसून राहिल्या." सासू म्हणाली, "तू हलला नाहीस, मी म्हातारीनं काय करायचं?" चौघे म्हणाले, पुढचे उठले असते तर आम्ही उठलोच असतो. मित्रांनो, सगळ्यांचे खरे होते. मी सगळ्यांना तोलत होतो ना, मला ठाऊक आहे. सुनेने डबा न संपवताच झाकला.

मालकाने यादीतून मावशीला पुसले आणि खालची नावे एकेक वर सरकवली. गुरुवार मावशीचा होता. तो सुनेकडे आला.

गुरुवारी दुपारी सुनेच्या उजव्या हाताची चार बोटे गेली.

तिची किंकाळी ऐकताच माझ्यावरचे सहाही जण उठले. एकदम उठले. कुणी थापेची वाट पाहिली नाही, शेजारच्याकडे बघितले नाही. त्यांच्या धक्क्याने मी धाडकन आपटलो. मित्रांनो, त्यांना एकत्र उठता येत होते. हे कळले आणि मी आतून चिरफाळलो.

त्यानंतरही रोज जेवताना ठरायचे, उद्या उठू. पण टोकाला बसायला कुणी तयार होईना. सगळे भिंतीकडे दाटीवाटीने बसत. पुढे मालकाने प्रत्येकाला वेगळे स्टूल आणले आणि मला मागच्या अंगणात टाकले. जाळी अजून कोपऱ्यातच आहे, असे ऐकतो.

मला रंग द्या, खिळे ठोका, असे मी म्हणत नाही. माझे दिवस भरले. एकच मागणे आहे. शेजारचे माणूस उठले तर त्याच्या पलीकडे कोण उठते, ते बघत बसू नका. तुम्ही ऐकाल, अशी मला फारशी आशा नाही. सात चांगली माणसे मी अंगावर वागवली आहेत.

सासू अजून कामाला येते. सुनेचे घर आता तिच्यावर आहे. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच मागे येते आणि माझ्या मध्यावर बसते. डबा उघडत नाही. थोड्या वेळाने फळीवर दोनदा थाप मारते आणि बसूनच राहते. मीही श्वास रोखून वाट पाहतो. पण माझ्यावर दुसरे कुणी बसलेलेच नसते.