रफू दाखवा!

गाण्याच्या बाई यायच्या होत्या आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्यांच्या कॉफी रंगाच्या लोकरी शालीवर ठिणगी उडून शर्टाच्या बटणाएवढं भोक पडलं होतं. ते मी एकटीने रफू केलं होतं.

दुकान माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं. लग्न करून आले तेव्हा माझ्याकडे पदवी होती, पण सुई कशी धरायची तेही ठाऊक नव्हतं. बाबांनी मला आजवर फक्त चिंध्यांवर सराव करू दिला. ही शाल पहिलीच. "बाईंनी नाक मुरडलं नाही, तर यापुढे गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावायचा. मुरडलं, तर परत चिंध्या," असं त्यांनी सांगूनच ठेवलं होतं.

रफू झालं की त्याच्याशेजारी लाल दोऱ्याचा एक सैल टाका घालायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. गिऱ्हाइकाने जागा डोळ्यांनी बघितली की त्याच्यासमोरच तो ओढून काढायचा. नाहीतर काम केलंय हे त्याला पटणार कसं?

माझी लेक चिमी काउंटरखाली चटईवर रांगत होती. माझा एक डोळा सतत तिच्यावर असतो. नवरा म्हणतो, तुला दोनच डोळे आहेत हे त्या पोरीचं नशीब! पण बाईंसाठी स्टूल पुसायला वळले, आणि तेवढ्यात तिने शालीचं लोंबणारं टोक ओढलं. बघते तर शाल चटईवर आणि लाल दोरा गायब.

गिळला! मी झडप घालून तिला उचललं. तिच्या तोंडात बोट घातलं तर कार्टी चावली. मग मूठ उघडली. आत ओलाचिंब लाल दोरा! हुश्श म्हणून मी तिथेच बसकण मारली. दोरा शालीत नेमका कुठे होता, हा प्रश्न मला बाई दारात उभ्या राहिल्यावर पडला.

"झाली का गं माझी शाल?"

"झाली की!" मी काउंटरवर शाल पसरली. एकच रंग, नक्षी नाही, चारी टोकं सारखी.

"दाखव बघू."

मी सुलट बघितली, उलट बघितली. हात फिरवला. माझंच काम मला दिसेना. केलं होतं ना मी? की झोपेत केल्यासारखं वाटलं?

"बाई, हिने खुणेचा दोरा ओढलाय. आता सापडत नाहीये."

"काय सापडत नाहीये? भोक की रफू?"

"दोन्ही."

आवाज ऐकून बाबा आतून आले. शाल घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडासमोर धरली, मग डोळे मिटून इंच इंच बोटांनी चाचपली. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कोटावरचं रफू दुकानात बसून ओळखणारा हा माणूस! मी त्यांच्या भुवया बघत होते. त्या वर वर चढत होत्या.

"मिळालं, बाबा?"

"गप्प बस."

पुन्हा एकदा, दुसऱ्या टोकापासून. मग त्यांनी डोळे उघडले. "नाही मिळत!" असं म्हणाले, जणू लॉटरीच लागली होती.

"तुम्हाला कसला एवढा आनंद होतोय?" बाई कडाडल्या. "शाल बदललीत की काय माझी?"

"वास घेऊन बघा," बाबा म्हणाले.

बाईंनी नाक खुपसलं. "आहे माझीच," त्या जरा खट्टू होऊन म्हणाल्या. मग त्यांनीही चष्मा चढवला. तिघांची डोकी शालीवर, दोनदा एकमेकांवर आपटलीसुद्धा. मला भीती वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

"सापडलं!" बाईंचा सूर थेट वरच्या पट्टीत. "हे बघा! रफू कुठलं? भोक जसंच्या तसं आहे!"

खरंच भोक होतं, काठाच्या दुमडीत लपलेलं. त्यातून खालचं लाकूड दिसत होतं. चिंध्यांचं गाठोडं डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

बाबांनी भिंग आणलं. बराच वेळ बघितलं.

"बाई, तुमचं भोक केवढं होतं?"

"हे एवढं. बटणाएवढं."

"आणि कडा?"

"काळ्या. जळलेल्या."

"मग हे मोहरीएवढं आणि कडा स्वच्छ. हे किड्याने खाल्लंय, तुमच्याच कपाटात."

बाईंनी भिंग घेतलं, बघितलं, परत दिलं. "म्हणजे माझं ते जळलेलं…"

"ते आता कुणाला सापडायचं नाही. मलाही नाही." बाबांनी माझ्याकडे बघितलंदेखील नाही, पण मला कळायचं ते कळलं.

बाई स्टुलावर टेकल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. "बरं, मग या मोहरीचं काय करायचं?"

"मला काय विचारता? हिला विचारा," म्हणत बाबा आत निघून गेले.

बाई माझ्याकडे वळल्या. "काय हो रफूगरबाई, कधी मिळेल?"

अहो-जाहो! मला!

"बसा ना. आत्ताच करून देते," मी म्हटलं, आणि शालीच्या काठातून जुळता धागा काढायला घेतलासुद्धा.