राघूचं जावळ

भिंगातून पाहिलं, तर केसाची दोन्ही टोकं सारखीच होती. सरळ, कापलेली. मुळाशी असतो तो पांढुरका फुगवटा कुठेच नव्हता.

"मावशी, यातून काम होणार नाही," तपासनीस स्नेहल म्हणाली. "आम्हाला हवं ते मुळाशी असतं."

बिरोबापुढे ठेवून उरलेली लेकाच्या, राघूच्या जावळाची ही चिमूट तानूबाईने खणाच्या तुकड्यात जपली होती. पोलीस रक्त मागत होते, तेव्हा ती दरवेळी नाही म्हणाली. आज घोडेगावला आली, तीही रक्ताऐवजी हे केस घेऊन. जन्मभर मेंढरं कातरणाऱ्या बाईला कापलेल्या केसाला मूळ नसतं हे कळत नव्हतं, असं नाही.

तीन वर्षांपूर्वी राघू गावची मेंढरं घेऊन चारायला गेला, तो परतलाच नाही. मेंढरंही नाहीत. विकून पळाला, असं गाव म्हणू लागलं. यंदा डिंभ्याच्या धरणाचं पाणी उतरलं आणि गाळात हाडं सापडली. कवटीवर घाव होता.

"एका संशयिताच्या घरात कुऱ्हाड मिळालीय," स्नेहल म्हणाली. "दांड्यात मुरलेलं रक्त आणि ती हाडं एकाच माणसाची आहेत. तो माणूस कोण, एवढंच ठरायचंय. लेकरात निम्मं आईचं असतं. ते जुळतं का बघायचं."

"आत्याबाई, माजं रक्त चाललं आसतं तर कवाच दिलं आसतं," सून आशा म्हणाली. "मी दिसले का बाया म्हणत्यात, आपली मेंढरं मोजा गं."

"म्हनू दे. चोर तर चोर. कुटं तरी जिता हाय की."

आशाने मान खाली घातली.

टेबलावरचं जावळ पुढ्यात ओढून तानूबाईने विचारलं, "मेंढी कोकराला वासावरनं वळखती, तसंच का हे?"

"तसंच. पण वासापेक्षा पक्कं."

"वासाला फसती मेंढी. तिचं कोकरू मेलं, का त्याचं कातडं सोलून दुसऱ्या पोरक्या कोकराला पांगरायचं. मंग ती त्यालाच पाजती. म्या सोता कितींदा फशिवलंय." बोलता बोलता ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मलाबी तसंच फशिवलं. राघूचं कातडं पांगरून एक चोर उभा केला गावानं. आन् म्या त्यालाच पाजत बसले."

"आत्याबाई…"

"लंगडं कोकरू खांद्यावर टाकून घाट चढायचा गं त्यो. एक मागं ऱ्हायलं तर जेवायचा न्हाई. त्यो कळप इकून पळल व्हय?"

तिने जावळ खणात गुंडाळून आशाच्या हाती दिलं. पाठीचा कणा ताठ करून बसली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि उन्हाने रापलेला हात स्नेहलपुढे टेबलावर ठेवला.

"माजा राघू पळाला न्हवता, बाई. मेंढरांपायी उभा ऱ्हायला. घ्या रक्त."