दसऱ्यापासून न विझलेली बत्ती

खरं सांगायचं तर ट्रक थांबत होता. ब्रेकवर पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी. पण समोरच्या पट्टीवरची लाल बत्ती काही केल्या विझेना, अन् त्या बत्तीपायी थावराला अन्न गोड लागेना.

हवेच्या ब्रेकची गाडी ती. इंजिन सुरू केलं की टाकीत हवा भरेपर्यंत बत्ती लाल, भरली की विझते. ही मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवसभर पेटलेली. हवेचा काटा बराबर, तरी बत्ती आपली डोळे वटारून बघतेय. मालक अमृतराव आखाडा बाळापूरचे. माणूस वाईट नव्हता, पण उतावीळ. त्यांनी सांगून टाकलं होतं की सोमवारपर्यंत बत्ती विझली तर ठीक, नाहीतर गाडीची चावी गावातल्याच दुसऱ्या ड्रायव्हरच्या, नरसिंगच्या हातात. थावरा हा बंजारा तांड्यातला पहिला ड्रायव्हर. आजा-पणजा बैलांवर मीठ-धान्य लादून मुलखभर हिंडले, बाप शेतात राबला, अन् ह्याच्या हातात स्टेअरिंग आलं. ते गेलं तर तांड्यात तोंड कसं दाखवायचं?

नरसिंगकडे तोडगा तयारच होता. बल्ब काढून फेक म्हणाला, कटकट मिटली. वा रे शहाणा! घर जळतंय म्हणून ओरडणाऱ्याचंच तोंड दाबायचं अन् आपण निवांत घोरायचं. थावरानं ऐकलं नाही. हिंगोलीच्या दोन मिस्त्र्यांना गाडी दाखवली. एकानं बल्ब बदलला, दुसऱ्यानं वरवरचे पाइप आवळले अन् चहा पिऊन गेला. गाडीखाली कुणी शिरलं नाही. परतीच्या पावसानं टाकीवर काळ्या मातीचा हा एवढा लगदा बसलेला, कपडे कोण खराब करणार?

शेवटी रविवारी तो जळबा मिस्त्रीकडे गेला. जळबा बाळापूरच्याच बुद्धवाड्यातला, औरंगाबादेत वर्कशॉपात सहा वर्षं काढून आलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं पान्याला हातच लावला नाही. आधी विचारलं, कवापासून? मग विचारलं, त्याच्या आदल्या दिवशी गाडीला काय काय केलं? थावरा चिडलाच. दसरा होता, गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला, सगळेच करतात. जळबानं मान हलवली अन् केबिनखाली हात घालून वायरीचा जोड सोडला. बत्ती विझली. जोडला, पुन्हा पेटली. म्हणजे इथवर वायर चांगली, खोट पुढं टाकीपाशी.

"शिर खाली," जळबा म्हणाला. "मी बी येतो."

दोघं उताणे सरकले. चिंधीनं चिखल पुसता पुसता थावराच्या बोटांना काहीतरी गोल लागलं. पितळी घुंगरू! तांब्याच्या तारेत ओवलेली अख्खी माळ टाकीच्या गळ्याला गुंडाळलेली, अन् एक घुंगरू थेट बत्तीच्या स्विचला चिकटून बसलेलं. वीज तिथूनच परस्पर लोखंडात उतरत होती. मग टाकी भरली तरी बत्ती विझणार कशी?

माळ त्यानं ओळखली. आजाच्या पुढल्या बैलाची होती, त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, नानीबाईनं पेटीत जपलेली. दसऱ्याला म्हातारीनं विचारलं होतं, ह्या लोखंडी जनावराचा श्वास कुठं राहतो? अन् ह्यानंच गमतीनं हवेची टाकी दाखवली होती. थावराला हसू आलं, लाज वाटली अन् डोळे भरून आले, सगळं एकदमच.

माळ सोडली, बत्ती विझली. पण जळबा काही बाहेर येईना. टाकीमागची, ब्रेकला हवा नेणारी रबरी नळी त्यानं चिमटीत धरली होती. एका जागी ती फुगून पातळ पडलेली.

"लई तर चार दिवस टिकली असती," तो म्हणाला. "कयाधू नदीच्या उतारावर फुटली असती मंग?"

नळी बदलली. माळेची गोष्ट ऐकून जळबानं सल्लाही दिला की मालकाला स्विच खराब होता एवढंच सांग, मायचं नाव कशाला काढतोस? थावराला ते पटलं, वाटभर तेच घोकत गेला. पण अमृतरावांच्या ओसरीवर नरसिंग आधीच येऊन बसलेला, अन् काय निघालं म्हणून मालकांनी विचारलं तेव्हा थावराच्या तोंडून खोटं काही फुटेना.

"माह्या याडीनं घुंगरू बांधले व्हते, मालक. त्याच्यानं बत्ती पेटून राहिली व्हती. ते सोडायला खाली गेलो, तवा ही सापडली." त्यानं चावी अन् जुनी नळी दोन्ही त्यांच्यापुढं ठेवली.

नरसिंग खो खो हसला. अमृतराव हसले नाहीत. फुगलेल्या जागेवर त्यांनी अंगठा दाबला तशी नळी चिरली, अन् त्यांचा चेहराच उतरला. उद्या चावी हाती आली की बल्ब काढून टाक, असं नरसिंगला आजच सकाळी ते स्वतःच बोलून बसले होते.

"मंगळवारी घरचे समदे ह्याच गाडीनं पुसेगावला चाललेत," ते हळूच म्हणाले. "लेकरं बी."

मग त्यांनी चावी उचलून थावराच्या हातावर ठेवली.

"तूच ने त्यायला. अन् तुह्या मायला बी संगं घे."